नळीला लावलेला कान

दिनकररावांची आठवण माझ्या मनात त्यांच्या डाव्या कानापासून सुरू होते. हिवाळ्यातली सकाळ, कडुनिंबातून गळून आलेलं पिवळसर ऊन, पेट्रोलचा गोडसर उग्र दर्प, आणि त्या उन्हात ओणवा झालेला एक सडपातळ गृहस्थ. डाव्या कानात रबरी नळीचं एक टोक, दुसरं टोक इंजिनाच्या पोटात, डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची तर्जनी हवेत ताठ उभी. ती तर्जनी साऱ्या जगासाठी होती. जगाने गप्प बसावं, पाखरांनी गप्प बसावं, शक्य असेल तर वाऱ्यानेही. नळीने कानाभोवती उमटवलेलं काळं कडं आंघोळीनंतरही जात नसे आणि ते कडं मिरवीत ते बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढायला जात. लोकांना त्या कड्यात तपश्चर्या दिसायची. मला मळ दिसायचा.

मी त्यांची शेजारीण. वर्ध्याला आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून होती आणि मागचं अंगण एकच, मध्ये मेंदीचं गुडघाभर कुंपण. मी मुलींच्या शाळेत शिकवायची, एकटी राहायची. सगळा मोहल्ला मला 'बाई' म्हणायचा आणि माझ्या जिभेला जरा टरकून असायचा. टरकण्यासारखी ती होतीच. पण जिथे चालवायला हवी होती तिथे मी ती चालवली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात ती मोटार आली. हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाने बंगला रिकामा करताना गोदामातली अडगळ काढली, तीत ही विलायती दोन माणसांची उघडी गाडी निघाली. बसायच्या जागेवर कोंबड्यांनी संसार मांडला होता, चाकं जमिनीत रुतली होती, आणि लांबुळक्या नाकाच्या त्या देहाचा मूळ रंग कोणता हे सांगायला कोणी शिल्लक नव्हतं. दिनकररावांनी ती मागून घेतली. कापसाच्या बैलबंडीमागे दोर लावून, एका बैलजोडीच्या संथ चालीने, वेगासाठी जन्मलेलं ते यंत्र दीड दिवसात वर्ध्याला पोचलं. बैल दमले होते, दिनकरराव मात्र नवरदेवासारखे तिच्यात बसून होते.

दारात सुमन उभी होती. दिनकररावांची बायको, तळेगावच्या शेतकऱ्याघरची, हाडापेराने मजबूत पण छातीने नाजूक. सरकीच्या आणि कापसाच्या धुळीत वाढलेली, म्हणून लहानपणापासून दमा. पोळ्याला बैलांना ओवाळतात तसं तिने त्या भंगाराला ओवाळलं, गंजलेल्या नाकावर कुंकू लावलं आणि बैलांना भाकर दिली. तिची एकच मागणी होती, ती तिने तिथेच सांगितली. या उघड्या गाडीत बसून एकदा माहेरी जायचं, साऱ्या गावासमोर उतरायचं.

"कानाले पटली का पहिली तुलेच बसवतो," दिनकरराव म्हणाले.

कानाला पटली की! इथेच सगळा घोळ होता. डोळ्याला पटणं सोपं असतं, हाताला पटणं त्याहून सोपं. कानाला पटायला त्यांना आठ वर्षं लागली.

त्यांच्या हातात कसब होतं, हे मी नाकारत नाही. दाताच्या डॉक्टरला लाजवील अशा नेमकेपणाने ते व्हॉल्व्ह घासत. मिळत नसलेले भाग कागदावर काढून खराद्याकडून लेथवर करून आणत. पत्र्याचे पोचे त्यांनी भांडी ठोकणाऱ्या कासाराला घरी बसवून काढून घेतले, तेव्हा पंधरा दिवस आमच्या अंगणात लग्नघरासारखा ठणठणाट होता. तो आवाज त्यांना चालला. रविवारी सकाळी मोहल्ल्यातले पुरुष गाडीभोवती जमायचे, कमरेवर हात ठेवून, जणू ती त्यांनीच वाढवली आहे. कोणी टायरला पायाने टोचायचा, कोणी "विलायती ते विलायती" म्हणायचा, आणि आत सुमन अकरा कप चहा गाळायची. यातल्या एकाही महाभागाने कधी आपल्या घरचा नळ दुरुस्त केला नव्हता. ते सगळे दिनकररावांना ऋषी म्हणत.

मग पर्व सुरू झालं सूर जुळवण्याचं. त्या इंजिनाला हवा ओढणाऱ्या दोन नाकपुड्या होत्या, म्हणजे दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखा श्वास घेतला तरच इंजिन एका लयीत चालतं, असं ते सांगत. आत जाणाऱ्या हवेचा बारीक फुसफुसाट नळीने ऐकायचा, आधी एकीचा, मग दुसरीचा, आणि स्क्रू केसभर फिरवत दोन्ही आवाज एकरूप करायचे. ती नळी एनिमाच्या भांड्याची होती, हे मी मुद्दाम नोंदवते. मोहल्ल्यातल्या भक्तांना ते ठाऊक नव्हतं.

या उपासनेला निःशब्दता लागायची. रविवारी सकाळी सातला तर्जनी वर गेली की त्या घरातलं सगळं थांबायचं. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक ते हाताने धरून थांबवत. फोडणी द्यायची नाही, तिखट कुटायचं नाही, बादली जमिनीवर टेकवायची नाही. मला ते कुंपणावरून विचारत, "बाई, रेडिओ जरा कमी करान काय? गाडी ऐकून राह्यलो." इतक्या आदबीने विचारत की नाही म्हणता येऊ नये. सुमन त्या वेळात तुरीच्या शेंगा सोलत बसायची, कारण शेंगा आवाज करत नाहीत.

खोकला मात्र शेंग नव्हे. थंडी पडली की तो तिच्या छातीत घर करायचा, आणि तो आला की अंगणातलं ते बोट आणखी ताठ व्हायचं. ते तिच्यावर कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान मोहल्ल्याने काही ऐकलं असतं. ते नुसते डोळे मिटून, चेहऱ्यावर साधुपुरुषाची वेदना आणून थांबत, तिचा खोकला संपण्याची वाट बघत. तो संपला की नळी पुन्हा कानाला. पदर तोंडात कोंबून ती खोकला गिळायला शिकली. गिळलेला खोकला पाठीतून दिसतो, मी खिडकीतून पाहिलेला आहे.

एके दिवशी ती मेंदी ओलांडून माझ्या मागच्या दाराशी आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी.

"बाई, तुमच्याकडं जराशी खोकून घेऊ काय?"

साखर मागायला यावं तसं. मी दार लावून घेतलं, तिला वेताच्या खुर्चीवर बसवलं, आणि ती पोटभर खोकली. आधी कोरडं खडखडणं, मग छातीत बारीक शीळ, मग दोन खोल ठसके, आणि सगळ्यात शेवटी, दम परत मिळाल्यावर, एक ओशाळलेलं हसू. "झालं," ती म्हणाली आणि चहा न घेताच परत गेली.

पुढची पाच वर्षं दर हिवाळ्यात दर रविवारी ती माझ्याकडे खोकायला येत असे. मी सुंठ-गुळाचा चहा करून ठेवायची. मनातल्या मनात दिनकररावांना जी विशेषणं वाहायची ती शाळेतल्या मुलींना कधी शिकवली नाहीत. पण कुंपणापाशी जाऊन "अहो, नळी जरा इकडे लावा, इथेही कोणाचा तरी श्वास अडकतोय" हे एक वाक्य बोलायला माझी जीभ उचलली नाही. शेजाऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये म्हणे. असली सभ्यता भित्र्या माणसाला फार सोयीची असते, आणि मी तिचा पुरेपूर वापर केला.

मग रंग आला. डास मारायच्या हातपंपात रंग भरून दिनकररावांनी पडवीतच गाडी रंगवली, लाल. तीन दिवस त्या घरात तांबूस धुकं होतं, वरणावरसुद्धा त्याची साय धरली. सुमन निळी पडली. डॉक्टरने बजावलं की हिला धुळीपासून, धुरापासून, असल्या वासापासून लांब ठेवा, पुढची वेळ हिची छाती सोसणार नाही. दिनकररावांनी मान डोलावली, औषधं वेळेवर आणली, आणि घरी आल्यावर म्हणाले, "रंग वाळला का वास जाते." पुढच्या रविवारी सातला बोट पुन्हा वर होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी ती आली ती कापडी पिशवी घेऊन. बाहेर दवाने मेंदी पांढुरकी झाली होती. तिने सावकाश खोकून घेतलं, सुंठीचा चहा प्रथमच पूर्ण संपवला, आणि विचारलं, "आर्वीवरून तळेगावले जाणारी बस कितीले आहे, बाई?"

मी म्हटलं, दिनकररावांना सांगितलंस?

"त्याईले काऊन त्रास द्या? त्याईचं ऐकनं चालू आहे." मग पिशवीचे बंद गाठवत म्हणाली, "मी रागावून नाई चालली. मले फक्त मोकळं खोकायचं आहे."

कोपऱ्यावर रिक्षा मिळेपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. परत आले तेव्हा आमच्या अंगणात एक विलक्षण आवाज भरून राहिला होता. खोटं का बोलू, तो आवाज सुंदर होता. सलग, खर्जातला, कुठे गाठ नाही, कुठे ठेच नाही. मेंदीच्या पानांवरचे थेंब त्याने थरथरत होते.

दिनकरराव धावतच माझ्या दाराशी आले. आठ वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. "बाई, ऐकलं काय? दोन्ही सारखे! आज घर कसं एकदम शांत होतं, एक आवाज नाई!" मग माझ्या खांद्यावरून आत बघत, "सुमन तुमच्याकडं आहे काय? तिले बसवायचं आहे."

"नाही," मी म्हणाले आणि दार लावलं. भिंतीपलीकडून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, आधी आनंदाच्या, मग नुसत्याच. त्या ऐकताना मला जे सुख झालं त्याची आज लाज वाटते, पण थोडीच.

आठवड्याने ते ती लाल गाडी घेऊन तळेगावला गेले. पुढे काय झालं ते मला सुमननेच सांगितलं, उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा. भावाच्या अंगणात बाजेवर बसून ती ऐसपैस खोकत होती आणि मधेमधे बोलत होती. सारा गाव जमला होता म्हणे. तिने गाडीला फेरी मारली, नाकावर हात फिरवला, चांगली झाली म्हणाली.

"मी म्हनलं, यात बसून खोकलं तं चालते काय? ते हासले. चालते नं, म्हने. त्याईचे डोये भरून आल्ते, बाई. मले वाटलं, जाऊ, चाललं जाऊ. पिशवी भरून आनली. पाय आत ठेवला अन् ठसका आला. अन् त्याईचं बोट वर गेलं."

तर्जनी उभी करून, डोळे मिटून, तिने मला ते करून दाखवलं. हुबेहूब.

"इंजिनात काई वाजलं असन. त्याईले मालूमबी नाई पडलं का बोट वर गेलं. म्या पाय काढून घेतला."

दिनकरराव एकटे परत आले. त्यानंतर त्यांनी गाडी चार-दोन वेळा पवनारच्या पुलापर्यंत नेली असेल. मग तिच्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर कडुनिंबाच्या निंबोळ्या. घड्याळाचा लंबक त्यांनी पुन्हा चालू केला, टेलिव्हिजन आणला, तो मोठ्याने लावत. आता त्यांना कोणताच आवाज नडत नव्हता. रविवारचे ऋषिभक्त एकेक करून दुसऱ्या कोणाच्या अंगणात गेले.

सुमन माहेरीच राहिली. मोकळ्या हवेत तिने बरीच वर्षं काढली आणि एका उन्हाळ्यात गेली. भावाचं कार्ड आलं. तिचे तेराव्यापर्यंतचे दिवस झाल्यावर दिनकरराव मेंदी ओलांडून माझ्या मागच्या दाराने आले, पहिल्यांदाच, आणि नेमके त्या वेताच्या खुर्चीवर बसले. कानाभोवतीचं काळं कडं केव्हाच धुऊन गेलं होतं. त्याखाली एक साधा, म्हातारा, सुरकुतलेला कान होता.

"बाई," ते म्हणाले, "मले तिचं चालनं आठवते, बोलनं आठवते. खोकला आठवून नाई राह्यला. रोज खोकायची, अन् आठवून नाई राह्यला. तुमच्याकडं येऊन खोके म्हनते तिचा भाऊ. कसा होता?"

दोन श्वासांतला केसाएवढा फरक ओळखणारा तो कान माझ्यापुढे ओणवा झाला होता. मी सांगू शकले असते. कोरडं खडखडणं, शीळ, दोन ठसके, शेवटचं ओशाळं हसू. करूनही दाखवू शकले असते.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

ते उठले आणि मेंदी ओलांडून परत गेले. आता ते नाहीत, गाडी कोणीतरी नेली, मेंदी वाळून गेली. पण हिवाळ्यात ऊन सरकत त्या वेताच्या खुर्चीवर येतं तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवते, आणि जे ऐकायचा हक्क माझा कधीच नव्हता ते सगळं, शेवटच्या हसण्यासकट, मला एकटीला ऐकू येत राहतं.