मुकादमाची धार

गोठ्यातल्या बोक्याचं नाव मुकादम. काम काडीचं करायचं नाही आणि नजर सगळ्यांवर, म्हणून मावशीनेच ठेवलेलं. दूध काढायचं यंत्र लावण्याआधी पहिल्या चार धारा वाटीत काढून तपासायच्या, असा नियम होता. मावशी त्या थेट मुकादमाच्या तोंडात उडवायची. वीस वर्षं धारा काढणाऱ्या बाईला वाटी कशाला हवी!

काल मुकादम भिंतींना धडकत गोल गोल फिरत होता. आज चाऱ्यामागे मरून पडला होता.

जनावरांची डॉक्टर मास्क लावून त्याच्यापाशी बसली. "याला दूध कोण द्यायचं, मावशी?"

"मीच. का हो?"

"गायींचं दूध चिकासारखं पिवळं येतंय ना? तळ्यावर बदकं मेली, त्यांचाच आजार आहे हा. गायींच्या कासेत शिरला, दुधातून बोक्यात."

"पाखरांचा रोग गायीला? काहीतरीच!" मावशी हसायला गेली, पण हसू फुटेना.

"नव्या अंगात शिरला की विषाणू बदलतो, तिथे रुळतो. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला मात्र हा अजून शिकलेला नाही." डॉक्टर थबकली. "तुमचा डोळा कधीपासून लाल आहे?"

मावशीचा हात डोळ्याकडे गेला. चार दिवसांपूर्वी गायीने लाथ झाडली होती, दूध डोळ्यात उडालं होतं. बाहीने पुसून ती कामाला लागली होती.

डॉक्टरने तिच्या डोळ्यातला नमुना काचेच्या नळीत घेतला. "घरी कोण असतं?"

"लेक. सातवा महिना चाललाय तिला."

परवा संध्याकाळी लेकीने तिची पापणी वर धरून फुंकर घातली होती, लहानपणी मावशी तिला घालायची तशीच. मग स्वतःच्या रुमालाने डोळा टिपला होता, आणि त्याच रुमालाने आपल्या तोंडावरचा घाम. ते आठवताच मावशीने लेकीला फोन लावला.

"मी आज घरी येत नाही गं. माझ्या टॉवेलला, उशीला हात लावू नकोस."

"का? काय झालं? बरं, ते तुझे डोळ्याचे थेंब कुठे ठेवलेस, आई? सकाळपासून माझ्याच डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपतंय."

डॉक्टरने सगळं ऐकलं होतं. तिने पेटीतून दुसरी नळी काढली.

"घराचा पत्ता सांगा," ती म्हणाली.