निम्म्या तेजावर

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, एका संगणकामुळे माझ्या पोटात दुखतं.

माझं काम ऐकून तुम्ही तोंडात बोट घालाल. पाण्याच्या थेंबात बुडालेला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक कण मी उजेडाच्या चिमटीत धरतो. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी धक्के मारतात, म्हणून तो क्षणभर स्वस्थ बसत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी त्याचं नाव भिरभिऱ्या ठेवलं. त्या धक्क्यांना त्या गोंगाट म्हणत, आवाज कसलाच नसला तरी! भिरभिऱ्याला निसटू न देता थेंबाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं, हा आमचा प्रयोग. मी जीव तोडून तळपायचो. "आमचा म्हातारा आहे म्हणून चाललंय," असं मॅडम पाहुण्यांना सांगायच्या.

मग त्यांच्या विद्यार्थिनीने मला चालवायला संगणक आणला. त्याला ती लाडाने सोन्या म्हणायची. मला कधी कुणी सोन्या म्हटलं नाही. आता त्याने हुकूम सोडायचे आणि मी नाचायचं! तिने त्याला शिकवलं, गोंगाट बंद कर. झालं! भिरभिऱ्या जरा हलला की सोन्या मला पूर्ण तेजावर पेटवायचा. मी तापलो, पाणी तापलं, आणि भिरभिऱ्या आणखीच उसळून पसार झाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण दुरुस्तीवाल्याने मला तपासून मान हलवली. "असाच ताणलात तर फार दिवस टिकायचा नाही हा."

मॅडम विद्यार्थिनीला म्हणाल्या, "अगं, गोंगाटाशी भांडतेस कशाला? भिरभिऱ्या आपणहून पुढे उसळला, की उजेड पुढे सरकव. मागे आला तर नुसता धरून ठेव."

सोन्याने ते चटकन उचललं. पाण्याचे धक्केच भिरभिऱ्याला पुढे ढकलू लागले आणि माझं निम्म्या तेजावर भागू लागलं. भिरभिऱ्या पलीकडे पोहोचला. टाळ्या पडल्या त्या सोन्यासाठी. मी नुसता जळत राहिलो.

"मॅडम, आता नवा लेझर नको," विद्यार्थिनी म्हणाली. "सोन्यामुळे हा अजून कितीतरी वर्षं काढेल."

ज्याचं तोंड पाहू नये असं वाटतं, त्याच्याच कृपेने मी आज या टेबलावर आहे. मित्रांनो, जुन्या यंत्रांकडून झेपेल तेवढंच काम घ्या, आम्ही जास्त दिवस उजेड देऊ. सोन्याचे आभार मात्र तुम्हीच माना. माझ्याच्याने ते होणार नाही.