ती वेगळी होती का?

टक्. पत्र्याच्या डबीचं झाकण उघडलं आणि मागच्या अंगणातली शांतता मोडली. कुंदाबाईंनी तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखूची मिसरी बोटावर घेतली, हिरड्यांवरून फिरवली आणि डबी रोजच्यासारखी सुनेकडे सरकवली.

ममताने ती उचलली नाही. तिची जीभ गालाच्या आतून पुन्हा पुन्हा त्याच जागी जात होती. काल पहूरहून बसने ती जळगावला गेली, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरशात पांढरा चट्टा दाखवला होता. मिसरी आजपासून बंद, म्हणाल्या. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. कॅन्सर आहे की नाही, ते शुक्रवारी कळणार होतं.

"काबरं वं? आज उपास शे का मिसरीचा?" कुंदाबाई हसल्या.

"सोडली, आई."

"डॉक्टरचं काय आयकते! मी लगीन झाल्यापासून घासते. मले काय झालं?"

चुलीजवळ कुंदाबाईंची वाटी झाकून ठेवलेली होती. दुधात कुस्करलेली भाकरी. ज्या बाईचं ठेच्याशिवाय पान हलत नसे, तिला दिवाळीपासून तिखटाचा घास तोंडात धरवत नव्हता. वय झालं, असं त्या म्हणायच्या.

"शुक्रवारी तुम्हीपण चला. नुसतं आ करून दाखवायचं."

कुंदाबाईंचं बोट हिरडीवरच थांबलं. मग त्या चूळ भरायला उठल्या.

मिसरीवाचून ममताचं डोकं उठल्यापासून ठणकत होतं. हात आपसूक डबीकडे गेला, चिमूट भरलीही. तिने ती परत सोडली, डबी मोरीत उपडी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"मम्मी, काबरं सांडली?" ब्रश तोंडात धरून ऋतिका दारात उभी होती.

"वाईट असते ती. तोंड खराब होतं."

"खूप वाईट?"

"खूप. तू कधीच लावायची नाही."

ऋतिकाने ब्रश काढला. फेस बाहीला पुसला, आ केला आणि मागच्या किडक्या दाढेवर बोट टेकवलं.

"मग इथं दुखायचं, तेव्हा तू लावून द्यायची ना... ती वेगळी होती का?"