भिंत त्याची, तारा माझ्या

बाबांनी आयुष्यभर लोकांची मृत्युपत्रं लिहिली, त्यामुळे त्यांचं स्वतःचं मृत्युपत्र अगदी चोख होतं. इमारत मुलाला, दस्तलेखनाचा व्यवसाय मुलीला, आणि तळमजल्यावरचं ऑफिस मुलीने नाममात्र भाड्याने वापरावं. ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. 'इमारत' हा शब्द टाइप करताना माझी बोटं एकदाही अडखळली नाहीत, याचा मला अजून राग येतो.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. रस्त्याकडच्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, आणि धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, नवा गिलावा करायचं ठरवलं. गवंड्याने भिंतीवर थाप मारून पाहिली आणि म्हणाला, "आधी या फोनच्या आणि इंटरनेटच्या तारा बाजूला घ्या. त्यांच्यावरून मी काम करणार नाही." तारा माझ्या ऑफिसच्या, भिंत त्याची. हलवायचे पैसे कोणी द्यायचे, एवढाच प्रश्न होता. दोन सख्ख्या भावंडांनी चहा संपायच्या आत मिटवावा असा.

पण आमच्या ऑफिसात बाबांनी घालून दिलेली एक रीत आहे. आत आलेला प्रत्येक कागद, मग ती साधी चिठ्ठी का असेना, आवक वहीत नोंदवायचा, त्यावर शिक्का मारायचा आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. धाकटा शाळेत भूगोल शिकवतो. सकाळी शाळेला जाता जाता त्याने दाराखालून वहीचं एक पान सरकवलं होतं: 'ताई, तारा हलवाव्या लागतील. कसं करू या?' मी त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक २१२. मग उत्तर टाइप केलं: 'आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, सदर काम मालकाच्या सोयीसाठी असल्याने खर्च मालकाने सोसावा.'

ती चिठ्ठी होती, पत्र नव्हतं, हे मला कळत होतं. पण 'मालक' लिहायची संधी मला सोडवेना.

त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, या वेळी पाकिटातून. 'भाडेकरूने आपल्या तारा स्वखर्चाने हलवाव्यात.' भाडेकरू! ज्या खोलीत मी वयाच्या विसाव्या वर्षापासून बाबांच्या समोर बसले, तिथे मी भाडेकरू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्का असा आपटला की पेनांचा डबा आडवा झाला.

पुढे त्याची २१९, २२४, २३० आली आणि माझी उत्तरं गेली. जिन्यापाशी गाठ पडली की आम्ही हवापाण्याचं बोलायचो. भावजय वरून कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघून हसायची आणि मी मान खाली घालून कुलूप उघडायची.

सरळच सांगते, मला त्याचा मत्सर वाटायचा. पैशाचं काही नव्हतं, तेवढे मी एका खरेदीखतात मिळवते. शेवटची दोन वर्षं बाबा अंथरुणाला खिळलेले होते, वर, त्याच्या घरी. आल्यागेल्याने म्हणावं, मुलगा असावा तर असा. मी खाली बाबांचंच काम ओढत होते, त्यांचीच माणसं सांभाळत होते, ते कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही. दुपारी छतातून बाबांचं हसणं ऐकू यायचं. या दोघांचं एवढं काय चाललंय, म्हणून मी फोन ठेवून कान द्यायची, आणि मग जोरजोरात टाइप करत बसायची. बाबांचा वेळ त्याला, बाबांचा हात त्याच्या हातात, शेवटी इमारतही त्याच्याच पदरात. मला काय, तर काम. त्याने एकदा तरी म्हणायला हवं होतं की ताई, हे घर तुझंही आहे. तसं म्हणाला असता तर तारांचे पैसे मी त्याच दिवशी भरले असते.

गवंड्याने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली, तेव्हा आम्ही फोन कंपनीच्या लाइनमनला पाहणीला बोलावलं. म्हणजे मी बोलावलं आणि त्यानेही बोलावलं. लाइनमन पिकल्या मिशांचा, शांत माणूस होता. त्याने शिडी भिंतीला टेकवली आणि अर्ज पुढे केला. "जो सही करेल त्याच्या नावावर बिल निघतं. कोण करतंय?"

आम्ही दोघांनीही हात मागे घेतले.

"बरं, तोवर मोजमाप घेतो," असं म्हणून तो वर चढला. थोड्या वेळाने त्याने वाकून विचारलं, "तारा दोन म्हणाला होतात ना? इथे तीन आहेत."

"एक फोनची, एक इंटरनेटची," मी म्हणाले. "तिसरी कुठली?"

"तुमच्या फोनमधूनच काढलीय कोणीतरी. वरच्या खिडकीत गेलीय. वर दुसरा फोन आहे का?"

मी धाकट्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. सापडला, असं मनात आलं. माझ्या लाइनीवर फुकट बोलत होता आणि वर मलाच भाडेकरू म्हणत होता. मी तोंड उघडणार इतक्यात तो म्हणाला, "ताई, वर चल."

बाबा गेल्यापासून मी वर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर जुना राखाडी फोन होता. रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला कापूस दाबून वर चिकटपट्टी लावलेली होती.

"हा काय प्रकार आहे?"

"बाबांनी लावून घेतला. अंथरूण धरल्यावर पहिल्याच महिन्यात. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. तू वर यायचीस तेव्हा मी तो पलंगाखाली सरकवायचो."

"पण याच्यावर बोलणार कसं?"

"बोलायला नाहीच. ऐकायला. त्यांच्या श्वासाचा आवाज तुला जाऊ नये म्हणून तो कापूस." तो पलंगाच्या कडेवर बसला. "खाली तू फोन उचललास की हा कानाला लावायचे. कोणाला कसं समजावतेस, कोणाची कशी खरडपट्टी काढतेस, सगळं ऐकायचे. एकदा तू फोनवर त्या वाटणीपत्रवाल्याला झाडलंस, तर पोट धरून हसत होते."

दोन वर्षं माझ्या फोनला खरखर होती. मी कंपनीला तक्रारीवर तक्रारी केल्या होत्या.

"मी शाळेतून येऊन घास भरवायचो," तो म्हणाला, "तर हाताने गप्प बस म्हणायचे. माझ्या वर्गातलं काही सांगायला गेलो की, थांब, तिचं गिऱ्हाईक बोलतंय. अंग मी पुसायचो आणि कान तुझ्याकडे. मला तुझा फार हेवा वाटायचा गं."

मला आनंद झाला. लपवत नाही, अगदी लहान मुलीला व्हावा तसा झाला. त्याचा पडलेला चेहरा समोर असतानाही झाला. बाबा माझे होते.

"अर्ज आण," मी म्हणाले. "सही मी करते. तारा माझ्या आहेत, तिन्ही."

"राहू दे. मी भरतो. भिंत माझी आहे."

"अजिबात नाही. मी भरणार."

महिनाभर एकमेकांच्या गळ्यात मारत आलेला खर्च आता आम्ही एकमेकांच्या हातातून ओढत होतो. त्याच भरात मी विचारून बसले, "माझ्याबद्दल कधी काही म्हणाले?"

तो चिकटपट्टीचं सुटलेलं टोक नखाने दाबत राहिला.

"एकदा मीच म्हटलं त्यांना, असं चोरून कशाला ऐकता, ताईला वर बोलावतो की. तर म्हणाले, नको. तिला वर यायला वेळ नसतो, मीच जातो खाली."

आमच्या जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. पंधरवड्यातून एकदा मी फळं घेऊन त्या चढायची, खुर्चीच्या कडेला टेकायची आणि घड्याळ बघायची. संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर मात्र तासभर रिकामी बसून असायची. वर त्यांच्या उशाशी धाकटा बसलेला असायचा आणि ते मला बघवायचं नाही.

"वेळ होता मला," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला.

आम्ही खाली आलो. लाइनमनने अर्ज शिडीच्या पायरीवर ठेवून माझ्याकडे पेन दिलं. नाव लिहिलं, फोनचा क्रमांक लिहिला, काम काय ते लिहिलं. शेवटी एक रकाना होता, इमारतीच्या मालकाशी नातं. धाकटा शेजारी उभा राहून बघत होता. मी 'भाडेकरू' असं लिहिलं आणि सही केली.

त्याने ते वाचलं. 'ते खोड' असं म्हणाला नाही.