बोटभर जागा

"नाही बसत, बाई. उगाच हट्ट करू नका." मिस्त्रीनं मागचं चाक हातानं फिरवलं. नवा रुंद टायर चेनकव्हरला खर्रकन घासला. "अठ्ठावीस वर्षांची गाडी ही. हिला बारीक टायरच शोभतात."

"शोभेला कोणाला हवेत? मला खडीचा चढ चढायचाय," नर्सबाई म्हणाल्या.

महिन्यापूर्वी वरच्या वस्तीला जाताना त्याच चढावर त्यांची मोटरसायकल घसरली होती. मनगट मोडलं, पण लसींचा डबा त्यांनी छातीशी धरून वाचवला. प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी फर्मान काढलं: सोमवारपासून बाईंनी फिरायचं नाही, टेबलावर बसून रजिस्टरं लिहायची. वरच्या लोकांना गरज असेल तर ते खाली येतील. येतील म्हणे! वर एका पोरीला आठवा महिना होता, पाय हे एवढे सुजलेले. ती काय उडत येणार होती? मुलानंही फोनवर डॉक्टरांचीच री ओढली. "आई, विकून टाक ते धूड. वय बघ जरा स्वतःचं." बाईंनी फोन ठेवला आणि तडक टायरचं दुकान गाठलं.

आता त्या उकिडव्या बसल्या आणि टायर नि चेनकव्हर यांच्यामध्ये बोट घालून पाहू लागल्या. नखसुद्धा शिरेना. बाळाची वाट किती उघडली हे त्यांनी बत्तीस वर्षं बोटांनीच मोजलं होतं. फूटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

"मला बोटभर जागा हवी. कुठून काढतोस ते सांग."

"चेनकव्हर काढलं तरच. नुसत्या उघड्या चेनवर चालवावी लागेल."

बाईंचा हात चेनकव्हरवर गेला. नवऱ्यानं त्यांना ही गाडी शिकवली ती मागच्या सीटवर बसून. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तो टाचेनं चेनकव्हरवर ठोकायचा. एक ठोका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. बाईंना वेगाची भारी हौस, त्यामुळे वीस वर्षांत त्या पत्र्याला वाटीएवढा पोचा पडला होता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. गाडी पुसताना बाईंचं फडकं अजून त्या पोच्यापाशी अडायचं.

"काढू का?" मिस्त्रीनं पाना हातात घेऊन विचारलं.

"काढ. विचारतोस काय!"

चेनकव्हर निघालं. चाक पुन्हा चढलं. बाईंचं बोट आरपार गेलं. मग त्यांची नजर टायरच्या कडेवरच्या बाणाकडे गेली आणि त्या कडाडल्या, "अरे शहाण्या, बाण बघ कुठे तोंड करून बसलाय! टायर उलटा घातलास!"

मिस्त्रीनं जीभ चावली.

"तुझी जन्मापासूनची खोड आहे ही. डोक्याआधी पाय बाहेर काढलेस, आणि तुझ्या आईचा नि माझा जीव रात्रभर टांगणीला लावलास. सुलटा कर तो."

दुकानात बसलेली गिऱ्हाइकं खो खो हसली. मिस्त्री कानापर्यंत लाल झाला, पण टायर सुलटा झाला. बाईंनी पोचा पडलेलं चेनकव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं.

सोमवारी डॉक्टर दारातच उभे होते. "बाई, तुमचं टेबल आत आहे."

"ठाऊक आहे. तुम्ही मागे बसा."

"मी?"

"तुम्ही मला पाहून ठरवलंत, डॉक्टर. रस्ता पाहिलाच नाहीत. चढावर माझा पाय एकदा जरी जमिनीला टेकला, तर जन्मभर रजिस्टरं लिहीन. नाही टेकला, तर वरची वस्ती माझी."

बाकावरचे सगळे पेशंट कान टवकारून ऐकत होते. डॉक्टरांना माघार घेता येईना. ते मागे बसले.

चढावर मागचं चाक एकदा डावीकडे सरकलं, आणि लगेच त्यानं खडी धरली. उघडी चेन खडखडत होती. डॉक्टरांचे बूट आधार शोधत चाचपडत होते. "बाई, हळू! अहो, हळू!"

"ठोकायला आता तिथे काही उरलं नाही!" बाई ओरडल्या. "गच्च धरा! इथे हळू गेला तो पडला!"

पाय टेकला नाही. वर ती पोर उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती. डॉक्टर उतरले, तिच्यासमोर बसले आणि घोट्यावर अंगठा दाबला. तिथे पडलेला खड्डा बराच वेळ भरेना. त्यांनी प्रेशर मोजलं, गोळ्या लिहिल्या, आणि मान वर न करता म्हणाले, "फार वाढलेलं नाही. पण गुरुवारी पुन्हा बघावं लागेल, बाई."

"बघीन की," बाई म्हणाल्या. पोरीच्या आईनं न सांगताच दोघांना पाणी आणून दिलं.

उतार संपला. दवाखान्याचं फाटक जवळ आलं तशी बाईंनी सवयीनं मागच्या दोन ठोक्यांची वाट पाहिली. गाडी फाटक ओलांडून चार हात पुढे गेली. मग त्यांनी आपला आपणच ब्रेक दाबला.