पहिल्यासारखं

पकडीच्या दांड्यावर हळदीचं बोट उमटलं होतं, त्यावर कुंकू, आणि ते कुंकू ग्रीसमध्ये भिजून काळपट होताना चंद्रप्रकाश बघत बसला. खंडेनवमी म्हणून बायकोनं, सुगंधानं, त्याला न विचारताच पकड पाटावर मांडली होती. कशासाठी? ही काय त्याचं हत्यार? साकीनाक्याच्या कारखान्यात जळके पंखे नव्या तारेनं भरून देणं हे चार दिवसांचं काम होतं, गिरणीचा संप मिटेपर्यंतचं... चार दिवसांची वर्षं झाली, बरोबरीचे कुठे कुठे पांगले, तरी मनातल्या मनात तो अजून संपावरच होता. साचेवाला, गिरणीच्या मागावर कापड विणणारा, आज ना उद्या हजर होणारा.

“बाबा, रिपेअर म्हणजे काय रे?” जयानं पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक पुढं सरकवलं.

“दुरुस्त करणं.”

“बाई म्हणाल्या, मोडलेलं पहिल्यासारखं करणं.”

पहिल्यासारखं! बाईंचं काय जातंय सांगायला? नवी तार भरलेला पंखा फिरतो, वारा देतो, पण पोटात घरघर राहतेच. गिऱ्हाईक ऐकतं आणि गप्प बसतं, कारण नवा घ्यायची ऐपत नसते. सुगंधाही अलीकडे अशीच गप्प बसते.

“मी वाक्य केलंय. माय फादर रिपेअर्स फॅन्स.”

त्याच्या अंगाची लाही झाली. “खोड ते. मी कापड विणतो.”

“पण रिपेअर वापरूनच करायचंय ना!”

“मग लिही, बाबा साचा रिपेअर करतात.” साचा बिघडला तर दुरुस्त जॉबर करायचा, विणकर नव्हे. पोरीला काय कळतंय, म्हणून तो बिनदिक्कत खोटं बोलला.

“साचा म्हणजे तो झेंडूच्या माळांचा? दसऱ्याला दाखवला होतास तो?”

“तोच!” त्याचा चेहरा फुलला.

“पण तो तर बंदच होता.”

बंदच होता. पूजेसाठी साचे थांबवल्यावरच बायकापोरांना गिरणीच्या खात्यात सोडायचे. म्हणजे या घरात त्याला विणताना कुणी, कुणीच पाहिलं नव्हतं... त्याला वाटलं, आत्ता उठून पोरीला करून दाखवावं – धोट्यातली सुताची कांडी संपली की साचा असा थांबवायचा, धोटा असा काढायचा – आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. आधी कुठला हात? डावा... की उजवा? जया पेन्सिल धरून वाट पाहत होती, आणि त्याचे हात तसेच हवेत राहिले.