पुनाजीच्या नावावरचे शिक्के

मी शिक्का बोलतोय. तारखेचा. लाकडाची मूठ, पोटाशी रबराचे आकडे. शिक्षण म्हणाल तर शून्य. तारखेपलीकडे मला काही वाचता येत नाही. तरी वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात माझा ठसा घेतल्याशिवाय एक पुस्तक दाराबाहेर पडत नव्हतं. कॉलेजचं नाव सांगत नाही. चहाड्या करणं माझं काम नव्हे.

नागपुरात घडलो. ग्रंथपाल सदाशिवरावांनी मला पहिल्यांदा शाईवर आपटलं, तेव्हापासून आपटतच राहिलो. माणसाची खोड अशी, की पुस्तक नेताना घाई आणि परत आणताना सतरा कारणं. कुणाची गाय व्याली, कुणाकडे कापूस वेचायला माणूस नाही. सगळी ऐकली. एकही पटलं नाही.

सन अठ्ठावन्नमध्ये एका दुपारी संस्थेचे सेक्रेटरी पुंडलिकराव आले. बाहेर बैलांची बंडी उभी, बंडीत गाद्या आणि लोड. ग्रंथालयाची खोली त्यांना मंडळाच्या बैठकीसाठी हवी होती. पुस्तकं म्हणे कपाटात घालून कुलूप लावायचं. परीक्षा तोंडावर आलेली. खोली गेली असती तर विकत पुस्तक न परवडणाऱ्या पोरांचं वर्ष बुडालंच समजा.

पुंडलिकरावांनी चार पुस्तकं उघडली. आतल्या चिठ्ठीवर नावं, नावापुढे मी.

"हे पाहा सदाशिवराव. अर्थशास्त्र घ्या, इतिहास घ्या, जिकडेतिकडे पुनाजी! कॉलेज पोरांनी भरलंय आणि वाचतो हा एकटा? एकासाठी खोली अडवायची? का पुस्तकं विकून खातो लेकाचा?"

असा संताप आला म्हणता! शिक्के माझे, आणि अर्थ हा काढणार?

पुनाजी आर्वीकडच्या जंगलपट्टीतला. घरी गोंडी, पुस्तकात इंग्रजी, मित्रांत वऱ्हाडी. प्रत्येक पुस्तकाची प्रत एकच, आणि तिच्यातली इंग्रजी निम्म्या पोरांच्या डोक्यावरून जायची. म्हणून वर्ग सुटले की पुनाजी पुस्तक घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसे. पोथी लावल्यासारखं एक वाक्य वाची, मग वऱ्हाडीत अर्थ सांगे. पोरं त्याला 'पुराणिकबुवा' म्हणत. गावात पोथी लागली की त्याला दाराबाहेर बसवत. इथं मधली जागा त्याची.

त्या दिवशीही तो ओट्यावरच होता. सदाशिवरावांनी हाक मारली. तो आत आला, त्याच्यामागे सगळं श्रोतेमंडळ आलं.

"पुस्तकं तू एकटाच नेतोस?" पुंडलिकराव गुरगुरले.

"नेतो मी एकटाच जी," पुनाजी म्हणाला. "तुमच्या घरी श्रावणात पोथी लागते, तवा वाचणारे किती असते?"

"एक."

"अन् ऐकणारे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अन् प्रसादाले त्याहून जास्त!" पोरं खिदळली.

सदाशिवराव तसे मवाळ. पण त्या दिवशी टेबलावर असा हात मारला की मी उडून शाईत पडलो. "ज्यानं ज्यानं पुनाजीचं ऐकलं, त्यानं भिंतीशी उभं राहा."

भिंत दिसेनाशी झाली.

"आता सहामाहीत पास झालेले खाली बसा."

बसले की हो! उभे राहिले ते मोजके. त्यांतल्या एकाला पुंडलिकरावांनी धरलं. "ऐकून नापास? मग ऐकून फायदा काय?"

"मले झोप लागे जी," तो म्हणाला. "पुनाजीचा काई दोष नाई."

एवढ्यात बसलेल्यांत पुंडलिकरावांना एक ओळखीचं डोकं दिसलं. चंद्रभान. त्यांचा सख्खा पुतण्या. त्याच्यासाठी नागपूरहून कोरी पुस्तकं आणून दिली होती.

"तू काऊन बसला बे इथं?" मोठ्या माणसाची शुद्ध भाषा क्षणात गळून पडली.

"काका, ती पुस्तकं अजून कोरीच आहेत," चंद्रभान मान खाली घालून म्हणाला. "मले वाचून समजतच नाई. पुनाजीनं सांगितलं का समजते."

पुंडलिकराव उठले. दारातून ओरडले, "बंडी वळव रे!" जाता जाता सदाशिवरावांवर गुरकावले, "पण वर अहवाल पाठवायचा तर शिक्केच मोजले जातात, ध्यानात ठेवा."

"मग अहवालात ऐकणारेही लिहीन," सदाशिवराव म्हणाले. "निकालासकट."

आणि लिहिले. खोली राहिली.

आता माझं रबर तडकलंय. आठ आणि शून्य सारखेच उठतात. माझ्या जागी नवा आलाय, फार चकाकतो. मी खणात पडून आहे, पण गप्प बसणाऱ्यातला नाही. उद्या कुणी परत गाद्या घेऊन येईल आणि चार चिठ्ठ्या चाळून म्हणेल, इथं कुणी वाचत नाही. खुशाल म्हणावं, पण माझ्या नावावर नाही. पुस्तक किती वेळा दाराबाहेर गेलं, एवढंच मी सांगतो. बाहेर जाऊन ते किती डोक्यांत शिरलं, ते बघायला ओट्यावर जावं लागतं. तेवढं चालवत नसेल, तर पुस्तक मिटा आणि चालते व्हा.